धोक्याची सूचना लागू का पडत नाही ?

लग्नमंडपात मंगलाष्टकांच्या अखेरीस 'सावधान' हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा तो शेकडो लोक ऐकतात. अक्षता पडतात, वाजंत्री वाजते आणि मंडळी पंगतीकडे वळतात. समर्थ रामदासांविषयी मात्र अशी आख्यायिका आहे की, बोहल्यावर उभे असता त्यांनी हाच शब्द ऐकला आणि ते तेथून निघून गेले. शब्द सर्वांच्याच कानी पडला होता. तो आपल्यासाठी आहे, असे एकट्यालाच वाटले.

कीटकनाशकाच्या डब्यावरील इशाऱ्याचीही बहुधा हीच गत होते. विकणारा तो इशारा पाहतो, विकत घेणारा पाहतो, बांधावर बसून झाकण उघडणाराही पाहतो. पाहतात सर्व, परंतु तो आपल्याला उद्देशून आहे असे मानून क्षणभर थांबणारा विरळा. असे का व्हावे? शेतकरी अडाणी आहे म्हणून, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते सोपे आहे, पण खरे नाही. धोक्याची माहिती मिळाल्यावर माणूस कसा वागतो, या प्रश्नाचा अभ्यास संशोधक गेली सत्तर वर्षे करीत आले आहेत, आणि शहरांतील सुशिक्षित मंडळींमध्येही त्यांना हीच गोष्ट आढळली आहे. त्या अभ्यासाचा आपल्या फवारणीच्या कामी कोणता उपयोग होईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

सावनेरच्या शेतातील तीन माणसे

सावनेर तालुका हा कापसाचा आणि संत्र्याचा. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात गेले असता दोन्ही बाजूंस कोठे पऱ्हाटी, कोठे तूर, तर कोठे संत्र्याचे बगीचे दृष्टीस पडतात. याच दिवसांत कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांचा उपद्रव होतो. पुढे गुलाबी बोंडअळीचे भय असते. संत्र्यावर सायला आणि काळी माशी येते. यास्तव श्रावणापासून दसऱ्यापर्यंत पंप खांद्यावरून फारसा खाली उतरत नाही.

या कामाशी निदान तीन माणसांचा संबंध येतो. पहिला शेताचा मालक. तो दुकानात जातो, औषध निवडतो, पैसे देतो. दुसरा फवारणी करणारा मजूर. कित्येक ठिकाणी त्याची मजुरी पंपांच्या संख्येवर ठरते. जितके पंप अधिक, तितके पैसे अधिक, आणि म्हणून घाई अधिक. तिसरी व्यक्ती म्हणजे पाणी आणून देणारी, आणि सायंकाळी ते भिजलेले कपडे धुणारी घरातील बाई. डब्यासोबतचे माहितीपत्रक हाती पडते ते पहिल्याच्या. विष अंगावर पडते ते दुसऱ्याच्या. तिसरीपर्यंत तर इशाऱ्याचा एक शब्दही पोचत नाही. तिच्या वाट्यास केवळ कपड्यांत मुरलेले विष येते.

गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रथम ध्यानी घ्यावे. 'आम्ही माहिती दिली' असे म्हणताना, ती या तिघांपैकी कोणाला दिली, हे स्वतःस विचारावे.

चौकोनातील चार रंग

डब्यावरील इशाऱ्यामागे मोठा इतिहास आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विष मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्यमाल आणि विष यांची एकत्र वाहतूक झाल्याने हा अनर्थ ओढवला होता. त्याची चौकशी झाली, आणि पुढे १९६८ साली देशात कीटकनाशक अधिनियम संमत झाला. १९७१ च्या नियमांनी प्रत्येक डब्यावर एक कोनावर उभा केलेला चौकोन छापणे बंधनकारक केले. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, आणि वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द.

लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी व हाडे यांचे चित्र आणि 'विष' हा शब्द असतो. पिवळा म्हणजे अतिविषारी. त्यावरही 'विष' असेच लिहिलेले असते. निळा म्हणजे मध्यम विषारी. त्यावर 'धोका' अशा अर्थाचा शब्द येतो. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. त्यावर 'सावधान' अशा अर्थाचा शब्द येतो. ही प्रतवारी प्रयोगशाळेतील प्राण्यांवरून ठरविलेली आहे. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा प्राण्याच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. म्हणजे जितक्या थोड्या विषाने मृत्यू येतो, तितका रंग लालकडे झुकतो.

व्यवस्था शास्त्रशुद्ध आहे. परंतु हे रंग शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? शेतकऱ्याला हिरवा रंग पिकाचा वाटतो. त्यात त्याला भरवसा दिसतो, विष दिसत नाही. लाल रंगाचा डबा म्हणजे 'जहाल औषध', आणि जहाल म्हणजे गुणकारी, असाही अर्थ घेतला जाऊ शकतो. 'धोका' मोठा की 'सावधान' मोठे, हे तर भाषेच्या पंडितासही चटकन सांगता येणार नाही. शिवाय हा रंग एकाच विषाची तात्काळ मारकता दाखवितो. दोन-तीन औषधे एका टाकीत मिसळली तर काय होईल, किंवा वर्षानुवर्षे थोडेथोडे अंगात गेले तर काय होईल, हे तो रंग सांगत नाही.

असाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेतील संशोधिका हॅना-आंद्रेया रोथर यांनी तपासला. द्राक्षमळ्यांत काम करणाऱ्या ११५ शेतमजुरांना त्यांनी डब्यांवरील दहा नेहमीची चित्रे दाखविली आणि प्रत्येकाचा अर्थ विचारला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, निम्म्याहून अधिक मजुरांनी चित्रांचा अर्थ चुकीचा, दिशाभूल करणारा किंवा अगदी उलट लावला. मजुरांना बुद्धी नव्हती असे नव्हे. त्यांनी ती चित्रे आपल्या जगण्यातील अनुभवाने वाचली होती, आणि चित्रकाराचा अनुभव वेगळा होता.

यवतमाळची शिकवण

याची फार मोठी किंमत विदर्भाने २०१७ साली दिली. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्या काळातील परिस्थिती पाहता अनेक कारणे एकत्र आलेली दिसतात. पऱ्हाटी डोक्याइतकी किंवा त्याहूनही उंच वाढली होती, त्यामुळे तुषार खाली न पडता तोंडावर व छातीवर येत होते. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांतून तुषार बारीक आणि वेगाने निघत होते. अनेकजण दोन वा अधिक औषधे एकत्र मिसळून मारीत होते. हवेत उष्मा आणि दमटपणा होता. अंगावर बहुधा साधा सदरा होता.

यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीबद्दलचा इशारा डब्यावर किंवा पत्रकात छापलेला असतोच. तोंडावर कापड बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, मिश्रण करू नका, ही वाक्ये नवी नाहीत. तरीही माणसे मेली. मग दोष वाचणाऱ्याचा की सांगण्याच्या रीतीचा?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ इशारा देऊन जबाबदारी संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेत असे म्हटले आहे की, जे औषध वापरण्यास अवघड, महाग किंवा सहज न मिळणारा संरक्षक पोशाख लागतो, ते उष्ण प्रदेशातील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या हाती देण्याचे टाळावे. ऑक्टोबरच्या उन्हात जाड पोशाख घालून दिवसभर पंप वाहणे किती कठीण आहे, हे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला सांगावयास नको. मोनोक्रोटोफॉस या विषाच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र शासनाने २०२३ साली बंदीचा आदेश काढला, तो याच दिशेने पडलेला एक पाऊलठसा होय. विष मुळातच दूर करणे हा पहिला उपाय. सूचना हा त्यानंतरचा. परंतु जोवर टाकीत विष आहे, तोवर सूचनाही नीट दिली गेली पाहिजे.

कळणे आणि वळणे

माहिती मिळूनही माणूस का हलत नाही, याचा पहिला पद्धतशीर शोध अमेरिकेत क्षयरोगाच्या निमित्ताने लागला. तेथे छातीची क्ष-किरण तपासणी लोकांच्या दाराशी आणून ठेवली होती. तरीही लोक येत नव्हते. सार्वजनिक आरोग्य सेवेतील गॉडफ्रे हॉकबाउम यांनी १९५२ साली तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या : 'हा रोग मला होऊ शकतो' असे त्या माणसास वाटते काय, आणि 'लवकर तपासणी केल्याने लाभ होतो' असे वाटते काय. ज्यांना या दोन्ही गोष्टी पटल्या होत्या, त्यांच्यापैकी शेकडा ८२ जणांनी निदान एकदा आपणहून तपासणी करून घेतली होती. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २१ होते.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा. 'कीटकनाशक विषारी असते' हे वाक्य सर्वांस ठाऊक असते. परंतु ते कोणाला मारते? 'त्या यवतमाळच्या माणसाला', 'दारू पिऊन फवारणाऱ्याला', 'नवख्याला' अशी उत्तरे येतात. 'मला' हे उत्तर क्वचितच येते. तसेच तोंडावर फडके बांधल्याने खरोखर फरक पडतो, यावरही विश्वास बसलेला नसतो. या दोन गाठी सुटल्याशिवाय तिसरी गोष्ट घडत नाही.

मग लोकांना घाबरवावे काय? याचेही उत्तर एका प्रयोगातून मिळाले. १९६५ साली हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयीची पत्रके दिली. काहींची पत्रके भयंकर वर्णनांनी भरलेली होती, काहींची सौम्य होती. धास्ती घेतलेल्यांनी लस घेऊ असे अधिक ठासून सांगितले; परंतु प्रत्यक्ष लस टोचून घेण्याच्या बाबतीत पत्रक भयंकर की सौम्य, याने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना दवाखान्याची जागा दाखविणारा नकाशा व वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्यातील कोणत्या वेळी आपण जाऊ, हे ठरविण्यास सांगितले होते. त्यांच्यापैकी शेकडा सुमारे २८ जण गेले. नकाशा न मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ३ जण गेले. हे सर्व शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. दवाखाना कोठे आहे, हे त्यांना एरवीही ठाऊक असणार. तरीही कोठे, केव्हा आणि कसे या तीन प्रश्नांची उत्तरे हाती पडल्यावरच त्यांचे पाऊल उचलले गेले.

आपल्याकडे कवटीचे चित्र आहे, नकाशा नाही.

जुन्या समजुतीचा मान

पेरू देशातील लॉस मोलिनोस या गावाची हकीकत विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावी अशी आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेलिन यांनी ती १९५५ साली नोंदविली, आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ च्या ग्रंथामुळे ती सर्वत्र पोचली. सुमारे दोनशे कुटुंबांच्या त्या गावी आरोग्यसेविकेने पाणी उकळून पिण्याचा प्रचार दोन वर्षे केला. घरोघरी जाऊन तिने जंतूंविषयी समजावून सांगितले. एवढ्या श्रमानंतर अकरा कुटुंबांनीच ते मानले. कारण असे की, त्या गावी प्रत्येक पदार्थ उष्ण किंवा थंड प्रकृतीचा मानला जाई, आणि उकळलेले पाणी हे आजाऱ्याने प्यावयाचे, अशी दृढ समजूत होती. धडधाकट माणसाने ते पिणे म्हणजे स्वतःला आजारी ठरविणे होय! सेविका जंतूंविषयी बोलत होती, आणि गाव उष्ण-थंडाविषयी ऐकत होते.

पपई उष्ण आणि ताक थंड मानणाऱ्या आपल्या समाजास ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. फवारणीच्या बाबतीतही असे कितीतरी समज असतात. 'वास आला नाही म्हणजे विष नाही.' 'नाकावाटे जाते तेवढेच बाधते.' 'घाम आला म्हणजे विष निघून जाते.' वास्तविक बहुतेक विष कातडीवाटे शरीरात शिरते, आणि घामाने ओलसर झालेल्या अंगातून तर ते अधिकच शिरते. परंतु समोरच्याच्या मनात कोणता समज आहे, हे ठाऊक नसताना दिलेले व्याख्यान हवेत विरून जाते. म्हणून आधी विचारावे, मग सांगावे.

सवय आणि शब्द

धोक्याच्या जाणिवेवर पॉल स्लोविक यांनी १९८७ साली लिहिलेल्या लेखात असे दाखविले आहे की, जो धोका अनोळखी आणि भयप्रद असतो तो लोकांना मोठा वाटतो. जो नित्याचा, ओळखीचा आणि आपल्या हातातला वाटतो, तो लहान वाटतो. वीस हंगाम फवारणी करूनही ज्याला काही झाले नाही, त्यास वाटते की आपले अंग विषाला सरावले आहे. पण अंग सरावत नाही. सरावते ती भीती. शिवाय विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि अतिशय घाम. ही सारी उन्हाची व थकव्याचीही लक्षणे आहेत. मजूर झाडाखाली घटकाभर पडतो, पाणी पितो, आणि पुन्हा पंप उचलतो. 'ऊन लागले होते' एवढीच त्याची नोंद होते.

शब्दांचे वजनही मोजून पाहिले गेले आहे. १९८१ साली एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काह्नेमन यांनी एक कोडे घातले. एका साथीत ६०० माणसे मरण्याचा संभव आहे. पहिल्या गटास विचारले : एका योजनेने २०० जण नक्की वाचतील, दुसरीत सर्व वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची दोन-तृतीयांश आहे. शेकडा ७२ जणांनी खात्रीची योजना निवडली. दुसऱ्या गटास त्याच योजना वेगळ्या शब्दांत सांगितल्या : पहिलीत ४०० जण नक्की मरतील. आता शेकडा २२ जणांनीच ती निवडली. ६०० पैकी २०० वाचणे आणि ४०० मरणे ही एकच गोष्ट. पण शब्द फिरले आणि निवड फिरली.

आता आपल्या बोलण्यातील शब्द पाहा. कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. पिकाला ते औषध असेल. माणसाला ते विष आहे. ज्या शब्दाने आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या बाटलीचा बोध होतो, तोच शब्द आपण टाकीतील विषाला लावतो, आणि मग त्यापासून दूर राहण्यास सांगतो. या लेखातही तो शब्द अनेकदा आला आहे, इतका तो अंगवळणी पडला आहे. हा शब्द भाषेतून काढून टाकता येणार नाही. परंतु फवारणाऱ्या माणसाशी बोलताना 'विष' हा शब्द निर्भीडपणे वापरता येईल. 'औषध मारायला चाललो' आणि 'विष मारायला चाललो' या दोन वाक्यांनी हाताची चाल बदलते.

विश्वासाचा प्रश्न

सूचना देणारा कोण आहे, यावरही ती लागू पडणे अवलंबून असते. महाराष्ट्राने याचा धडा प्लेगच्या साथीत घेतला. १८९७ साली पुण्यात सैनिकांकरवी घराघरांची झडती घेण्यात आली. परिणाम असा की, लोक रोगी लपवू लागले आणि असंतोष पराकोटीस गेला. त्याच वर्षी, १० जानेवारी रोजी, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि मग इतरांस दिली. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे स्वतःच्या अंगावर घेतलेली प्रचीती. गावात येऊन इतरांना हातमोजे घाला म्हणणाऱ्या आणि स्वतः उघड्या हाताने झाकण फिरविणाऱ्या कार्यकर्त्याने कोणती बाजू घेतली, हे वेगळे सांगावयास नको.

गावात काय करावे

वरील विचारांतून कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी करावयाच्या गोष्टी अशा निघतात :

१. सभा मालकांची घ्या, तशीच फवारणी करणाऱ्या मजुरांची त्यांच्या सोयीच्या वेळी स्वतंत्र घ्या. कपडे धुणाऱ्या बायांना आशा ताई किंवा बचत गटाच्या मार्फत वेगळे सांगा. ते कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत, आणि लहान मुलांना त्यांजवळ येऊ देऊ नये.

२. आधी विचारा. रिकामा, धुतलेला डबा किंवा त्याचे चित्र हाती द्या आणि 'यातून तुम्हांस काय कळते?' एवढेच म्हणा. उत्तर चुकले तरी हसू नका. चुकीचे उत्तर हीच तुमची खरी माहिती होय.

३. न दिसणारा धोका दृष्टीस आणा. कधीही विष न भरलेला पंप घ्या. त्यात साधे पाणी आणि कपड्यांस लावावयाची नीळ घाला. एका माणसाने पांढरा सदरा घालून उंच पऱ्हाटीत पाच मिनिटे फवारावे. मग छाती, मनगटे, मांड्या आणि पाठ यांवर निळे डाग कोठे पडले, ते सर्वांनी पाहावे. नंतर हेच वाऱ्याच्या दिशेने चालून व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून करावे. परदेशातील संशोधकांनीही चकाकणारा रंग वापरून याच रीतीने मजुरांच्या अंगावरील विषाचे डाग दाखविले आहेत. शंभर पत्रके जे करीत नाहीत, ते हा एक डागाळलेला सदरा करतो.

४. सूचना थोड्या द्या, पण नेमक्या द्या. पंपाचे तोंड चोंदले तर तोंडाने फुंकू नये. बारीक तार किंवा काडी वापरावी. फवारणी चालू असता खर्रा, बिडी किंवा भाकरी यांसाठी हात तोंडाकडे नेऊ नये. आधी साबणाने धुवावेत. उपाशीपोटी फवारणीस जाऊ नये. सकाळी किंवा सायंकाळी, वारा शांत असता, वाऱ्याच्या दिशेने चालावे. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत. कोणते औषध, किती आणि केव्हा, याविषयी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशी कृषी खात्याकडून मिळतात. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यापेक्षा त्यांस प्रमाण मानावे. किडींची संख्या नुकसानीच्या पातळीपर्यंत गेली नसेल, तर फवारूच नये. न झालेल्या फवारणीने कोणास विषबाधा होत नाही.

५. रिकामा डबा तीनदा धुऊन, ते पाणी टाकीतच ओतून, डब्यास भोके पाडावीत. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. तेथील तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. शेतातील विषाने स्वयंपाकघराची वाट कधीच धरू नये.

६. प्रत्येक गावाने आपला नकाशा तयार करावा. हंगामापूर्वी एका फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावे : सर्वांत जवळचे शासकीय रुग्णालय कोणते, रात्री गावातील कोणाचे वाहन मिळेल, १०८ क्रमांकावर कोणी फोन करावा. प्रत्येक शेतात फवारणीच्या दिवशी एक घागर स्वच्छ पाणी, साबणाची वडी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड असावा. तो कोठे ठेवला आहे, हे पंप उचलण्याआधी मजुरास दाखवावे.

७. लक्षणे पाठ करून घ्यावीत. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे, तोंडास लाळ सुटणे, दरदरून घाम, हातपाय थरथरणे, श्वासास त्रास. यांपैकी काहीही जाणवताच 'ऊन लागले' असे न समजता काम थांबवावे. भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालय गाठावे. बेशुद्ध माणसास काही पाजू नये वा त्यास उलटी करवू नये. डबा किंवा त्यावरील कागद बरोबर न्यावा, म्हणजे विष कोणते हे डॉक्टरांस ताबडतोब कळून योग्य उतारा देता येतो.

शेवटी

या साऱ्याचे सार असे की, धोक्याची सूचना ही बियाण्यासारखी आहे. ती फेकून दिल्याने उगवत नाही. जमीन पाहून, ओल पाहून, योग्य खोलीवर पेरावी लागते. समोरचा माणूस काय मानतो, हे जाणून घेणे ही जमिनीची परीक्षा. 'हे माझ्यासाठी आहे' आणि 'याने मी वाचेन' ही दोन मते म्हणजे ओल. आणि कोठे, केव्हा, कसे, यांची नेमकी उत्तरे म्हणजे पेरणीची खोली.

यंदाच्या हंगामात सावनेर तालुक्यातील एखाद्या गावी प्रथम फवारणी सुरू होईल, त्या सकाळी कार्यकर्त्याने बांधावर जावे आणि पंप भरणाऱ्या मजुरास एकच प्रश्न विचारावा : 'दुपारी तुला चक्कर आली, तर तू काय करशील?' त्याने साबणाच्या वडीकडे बोट दाखविले, फळ्यावरील वाहनवाल्याचे नाव सांगितले आणि डबा सोबत नेण्याचे बोलून दाखविले, तर समजावे की सूचना लागू पडली. तो नुसताच हसला, तर पंप खाली ठेवण्यास सांगावे, आणि त्याच्याजवळ बसून पहिल्यापासून सुरुवात करावी. त्या दिवसाचे दोन पंप कमी झाले तरी चालतील.